पहिलं विरजण

आक्का, तुला सगळी गल्ली आक्का म्हणायची, म्हणून आई असूनही मी तुला आक्काच म्हणत वाढले. परवा वर्गात शिकवताना मी तुझा प्रश्न सांगितला. त्याचं काय झालं ते सांगायला बसलेय, पण आधी आपलं निपाणीचं स्वयंपाकघर आठवतंय.

मी बेळगावात बीएस्सीला होते, सुट्टीला घरी आले होते. तू तंबाखूच्या वखारीतून आलीयेस, आंघोळ झाली तरी शिंका थांबत नाहीत, आणि दूध कोमट आहे का ते बोटानं बघतेयस. समोरची कानडी मावशी वाटी घेऊन दारात, "हेप्पु कोड्री." तिचं हेप्पु म्हणजे आपलं विरजण. आपलं संपलं की तिच्याकडून आणायचं, तिचं संपलं की तिनं आपल्याकडून. ती गेल्यावर मी तुला नवी शिकलेली गोष्ट ऐकवली. समुद्राच्या पाण्यात रसायनं मिसळत गेली, त्यातून पहिला जीव झाला, पुढे मासे, माकडं, माणसं. माकडाचं तुला काही विशेष वाटलं नाही. वखारीतल्या मुकादमाकडं बघितलं की ते पटतंच, म्हणालीस. अडलीस ती पहिल्या जीवापाशी.

"दुधाचं दही हुतंय ते इरजणानं. मग पयलं इरजण कुनी दिलं?"

मला वाटलं, आता देव येणार. पण देवाला तू कधीच रजा दिली होतीस. पटल्याशिवाय काही मानू नका, हे विहारात ऐकलेलं तू माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतंस. देवानं केलं असं मी म्हणत नाही, पण आपसूक झालं हे तरी कुणी बघितलं, असं तुझं म्हणणं. मी चंबूत वायू भरून ठिणग्या पाडणाऱ्या शास्त्रज्ञांचं सांगितलं. मग जीव झाला का चंबूत, तू विचारलंस. जीव नाही, त्याला लागणारी काही द्रव्यं झाली. "म्हंजे नुसतं दूधच की," म्हणालीस.

मी इरेला पेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी विरजण न घालता कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकले. संध्याकाळी दही लागलं होतं. वाटी तुझ्यापुढे आदळली. तू चाखलंस, चांगलं झालंय म्हणालीस, आणि एक देठ बोटांत फिरवत विचारलंस, "मिरचीला कुठनं आलं गं?"

बरोबर होतं तुझं. देठावर जंतू आधीपासून असतातच, म्हणजे मी जिवातूनच जीव काढून दाखवला होता. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि मी म्हणाले, "तुला नाही कळायचं ते."

तू देठ ताटाच्या कडेला ठेवलास. "कळायचं न्हाय म्हणूनच आमास्नी शाळंत बसू दिलं न्हाय," म्हणालीस आणि मला भात वाढलास. आवाजात रागसुद्धा नव्हता. मला अजून लाज वाटते.

आता मीच कॉलेजात शिकवते. जीव बदलत आले याबद्दल मला शंका नाही, दगडातली हाडं आणि आपलं रक्त दोन्ही तीच साक्ष देतात. पण पहिल्या विरजणाचं अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. कुणी समुद्रतळाच्या गरम झऱ्यांकडं बोट दाखवतं, कुणी डबक्यातल्या चिखलाकडं. नवीन काही छापून आलं की मी अधाशासारखी वाचते, आणि दरवेळी मनात येतं, यात आक्कानं कुठं खोट काढली असती?

परवा उत्क्रांतीच्या तासाला येळ्ळूरची एक मुलगी उठून म्हणाली, आमचे आप्पा म्हणतात हे सगळं थोतांड आहे. पोरं हसली. मी त्यांना गप्प केलं आणि तुझं नाव न घेता दूध, वाटी, मिरची, तो प्रश्न, सगळं सांगितलं. पहिलं विरजण कुठून आलं ते मला माहीत नाही, हेही सांगितलं. तुझ्यापुढे जे कधी जमलं नाही, ते साठ पोरांपुढे सहज म्हणाले. तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली.

"मॅडम, प्रश्न लई भारी हाय. कुणाचा हो?"

तू अगदी जिभेवर आली होतीस. पण मग वखार, शाळा, सगळंच सांगावं लागलं असतं, आणि बाकीची पोरं कान देऊन उभी होती. एका पुस्तकात वाचलाय, म्हणाले. तिनं लगेच वही उघडली आणि पुस्तकाचं नाव विचारलं.

आठवत नाही म्हणाले, आक्का.