चेट्टाला चुकवायच्या वाटा

सोमवार, ७ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला, नाहीतर गुडघ्याची आशा सोडा. म्हटलं, माल्टाची राजधानी असलं तरी आमचं वालेटा या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस मिनिटांचं. तासभर चालले तर समुद्रात पडेन. म्हणाले, मग पोहत परत या.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
पहिल्याच दिवशी विस्टिनच्या भाजीच्या गाडीपाशी चेट्टा! माझी सख्खी मोठी बहीण. अकरा वर्षं बोलत नाही आम्ही. आईच्या अंत्ययात्रेला तिनं सासरच्या चर्चचा बँड आणला. आई जन्मभर मिरवणुकीत आमच्या चर्चच्या बँडमागे चालली, आणि शेवटी त्या लोकांचे कर्णे! त्या दिवशी मी तिला जे बोलले ते इथेही लिहिणार नाही.
तेव्हापासून बाजारात ती सकाळी, मी संध्याकाळी. न ठरवता ठरलेलं. ते या गुडघ्यानं मोडलं, चालायला सकाळी निघाले.
दोघी खाली मान घालून कांदे बघत बसलो. विस्टिन म्हणाला, कांदे काही बोलणार नाहीत.

बुधवार, ९ ऑक्टोबर
मागच्या गल्ल्यांनी गेले. बासष्ट वर्षं इथे काढली, पण निम्म्या गल्ल्या पहिल्यांदाच बघतेय. पायऱ्या-पायऱ्यांची एक गल्ली चढत होते, तर वरून चेट्टा उतरतेय. दिसलं ते उघडं दार गाठलं, आत शिरले. आत एक म्हातारे गृहस्थ सूप पीत बसलेले. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, घर विकायचंय का? बिचाऱ्यांनी सूप सोडून तिन्ही खोल्या दाखवल्या, न्हाणीघर, बायकोचा फोटो, मग गच्ची. गच्चीवरून सगळं बंदर दिसतं. किंमतही सांगितली. विचार करते म्हटलं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
गावाच्या तटावरच्या उंच लिफ्टनं खाली बंदरावर जायचं ठरवलं. तिथे ती येणं शक्यच नाही, लहानपणापासून उंचीला घाबरते. दार मिटता मिटता फटीत एक छत्री आली, मागून चेट्टा. बहुतेक तिनंही माझ्याबद्दल असलाच काही हिशेब केला असावा.
आत आठ जर्मन आणि आम्ही दोघी. तिनं डोळे घट्ट मिटलेले, ओठ पुटपुटतायत. हात धरावासा वाटला. छत्रीचं टोक धरलं. तिला कळलं नसावं.
बाहेर पडली तेव्हा बघितलं, तीही लंगडते.

शनिवार, १२ ऑक्टोबर
विस्टिन सांगतो, तिचाही डॉक्टर तोच, सल्लाही तोच. तिचा डावा गुडघा, माझा उजवा. म्हणाला, दोघी मिळून एक धड बाई होईल.
भाजी आता दुसरीकडून.

रविवार, १३ ऑक्टोबर
चर्च. ससा शिजवला. झोपले. चालले नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर
दिसली नाही. सगळं गाव माझं! मजेत चालले.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
आजही नाही. मजा जरा कमी.

बुधवार, १६ ऑक्टोबर
नाही. मोठ्या रस्त्यानं तीनदा गेले, लिफ्टनं दोनदा. विस्टिनकडे मुकाट्यानं जाऊन विचारलं. त्यालाही ठाऊक नाही. एकटीच राहते ती. नवरा जाऊन चार वर्षं झाली, तेव्हाही मी गेले नव्हते.
जेवण गेलं नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
तिचे चार मजले चढले. प्रत्येक मजल्यावर मनात नको ते येत होतं. दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. मग साखळीचा आवाज, आणि चेट्टा. हाताला पीठ, धडधाकट.
माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तू दिसली नाहीस."
"तीन दिवस घरात कोंडून घेतलं, म्हटलं तुला मोकळेपणी चालता यावं," ती म्हणाली. "आता घरीही येतेस होय?"
मला रडू फुटलं. ती म्हणाली, दारात रडू नकोस, शेजारचे म्हणतील मी मेले. आत ओढलं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
दोघी निघालो. विस्टिनच्या गाडीपाशीच भांडण जुंपलं. वीस मिनिटांत गाव संपलं, भांडण संपेना. मग गल्ल्यांतून निघालो.