अकाल

१ नोव्हेंबर, शनिवार

पडून राहा, पडून राहा! पाठीला रग लागली. आठवा लागलाय, नववा लागेपर्यंत उठायचं नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. मागच्या वर्षीचं पाचव्यातच गेलं, म्हणून मी निमूट ऐकते. निमूट म्हणजे विद्याधरवर खेकसत! तो सकाळी एग्मोरच्या ऑफिसात पळतो, सुटतो. उरते मी, सासूबाई आणि पंखा.

आज समोरच्या जसबीर आंटी आल्या, तेवढंच बरं वाटलं. बुधवारी गुरुनानक जयंती. टी. नगरच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या रोट्या लाटायला जायचंय त्यांना, नुसत्या उत्साहात आहेत. जाताना नेहमीसारखे हात जोडले – "सत श्री अकाल." सासूबाईंनी तोंड फिरवलं. का कोण जाणे.

२ नोव्हेंबर

सासूबाईंनी तोंड का फिरवलं ते कळलं! "घरात पोटुशी सून, आणि ही बाई रोज दारात येऊन अकाल अकाल करते!"

विद्याधर म्हणाला, "अगं आई, अकाल म्हणजे ज्याला काळ नाही तो. देव."

"तू मला मराठी शिकवू नकोस. अकाली म्हणजे अकाली."

मी खूप हसले. मग दुपारभर तोच शब्द डोक्यात. पोटावर हात ठेवून पडून होते. इतकी भित्री कधी झाले मी?

३ नोव्हेंबर

सासूबाईंनी आंटींना सांगितलं! दारातच, मोडक्या हिंदीत – "वो शब्द इधर मत बोलो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून बाहेर जावं, तर उठायची बंदी. खोलीतून ओरडले, "आंटी, अंदर आइए ना!" आल्या नाहीत.

४ नोव्हेंबर

आंटी डोकावल्या. "वणक्कम," म्हणाल्या, परक्या तमिळ शेजारणीला नमस्कार करावा तसं. मला! फळं ठेवून गेल्या. दिवसभर पाऊस. सासूबाईंशी बोलत नाहीये.

५ नोव्हेंबर

सकाळपासून कळ येते, जाते. काही नसेल.

आहे. पुन्हा आली. विद्याधर फोन उचलत नाही, मीटिंगमध्ये असणार. सासूबाई अनवाणी समोर धावल्या. आवाज येतोय – "जसबीरजी, चलो! मेरी बहू – चलो ना!" आंटी गुरुद्वाऱ्यालाच निघाल्या होत्या. आल्या. "रोटियाँ और कोई बेल लेगा. उठ बेटा, मेरा गला पकड़." हे लिहिते आहे कारण हात रिकामे ठेवले तर किंचाळेन. इतक्यात नको, देवा, इतक्यात नको!

८ नोव्हेंबर

मुलगी. दीड किलो. काचेच्या पेटीत आहे, पण काय रडते!

सासूबाई तीन दिवस हळहळत होत्या – लवकर आली गं, फार लवकर आली. आज डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवून सांगितलं: नाळेला गाठ बसली होती, आवळत चालली होती. आणखी दोन दिवस पोटात राहिली असती, तर गेली असती.