ह्यांचा ताप उतरल्यावर

१२ मे १९९८, गडचांदूर
ऊन सांगायची सोय नाही. वॉर्डात कूलरसमोरही बसवत नाही. हे दोन दिवस जुलाबानं बेजार, तरी सकाळी खदानीत निघाले. म्हटलं, आज राहा ना घरी. "काऊन? मी काय पेशंट हाव का तुह्या वॉर्डातला?" हसले. अन् गेले.

१३ मे
दुपारी खदानीची जीप आली. बेशुद्ध पेशंट, चेहरा चुनखडीच्या धुळीनं पांढरा. नाडी बघायला हात धरला तेव्हा ओळखलं. हे! आजही खदानीत गेले होते. अंग तव्यासारखं, कोरडं ठणठणीत. पारा पार वर टेकला. डॉ. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बाजूला व्हा." नाही झाले. ओल्या चादरी, पंखा, रसवंतीवाल्याकडचा होता नव्हता तेवढा बर्फ काखेत, जांघेत. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. सासूबाईंनी हात जोडले, "वाचला माहा रमेश."
आम्ही वरून थंड केलं. आत काय काय होरपळलं ते अजून...

१४ मे
डोळे उघडले. मला आक्का म्हणाले. कालपासून लघवी नाही, पिशवी कोरडी. किडनीनं मार खाल्ला. आता पाणी मोजूनच. जास्त झालं तर छातीत भरेल. फळांचा रस तर नकोच. त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकणार कोण? हृदय बंद पडायचं.
अन् सासूबाई मोसंबीचा रस घेऊन आल्या. ह्यांच्या ओठाला लागलेला ग्लास हिसकावला. सगळा सांडला.
"पोरगं सुकून राह्यलं माहं, अन् तू त्याले घोटभर नाई पिऊ देत? नर्स हायेस का बायको?"
दोन्ही आहे म्हणून तर.
डॉ. म्हणाले, नागपूरला न्या. आत्ताच.

१५ मे, नागपूर
मशीनवर घेतलं. रक्त बाहेर येतं, साफ होऊन परत जातं. सासूबाई बाहेर बाकावर. माझ्याशी बोलत नाहीत.

१८ मे
काल पुन्हा मशीन. आज पिशवीच्या तळाशी थोडंसं, काळ्या चहासारखं. धावतच गेले. इथले डॉ. म्हणाले, "चांगलं आहे. पण किडनी उठायला आठवडे लागतात. कधी उठतही नाही."
सासूबाईंनी पोळी-भाजीचा डबा माझ्याकडे सरकवला.
हे आता नीट ओळखतात. "सुनंदा, तू घरी जा. पोरी शेजाऱ्याइकडं किती दिवस राहतीन?"
जाते म्हटलं. स्टूल पलंगाजवळ ओढून घेतलं.