सात कपड्यांचा उन्हाळा

वळ, ता. भिवंडी
मंगळवार, ९ मे २००६

तीर्थस्वरूप पुतळाबाय हिला धाकटा भाऊ पंढरी याचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही सगळे सुखरूप आहोत. वळहून कशेळीला पत्र पाठवणारा मी पहिलाच असेन. रिक्षाने माणूस वीस मिनिटांत पोचतो (ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे कधीच नाही). पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि शेडमध्ये लूमच्या खडखडाटात तू मला ऐकू येत नाहीस. शिवाय काही गोष्टी सांगताना सांगणारा तुझ्या हातापासून लांब असलेला बरा. दाजींचा गुडघा कसा आहे? मांडव उभा राहिला का? आपला नवरदेव भाविक नीट जेवतो ना? रविवारी त्याची हळद आहे, मामाने दिलेल्या झब्ब्यात तो हळदीला बसणार आणि अख्खं कशेळी मामाचा आहेर बघणार, हे मला पाठ आहे. त्यासाठी चार दुकानं फिरवून तू मला तो जांभळा चमचमता झब्बा घ्यायला लावलास, तेही पाठ आहे. त्याचं शेवटी सांगतो. आधी तुझ्या भाचीने काय केलं ते ऐक. खाली बस, पाणी घे जवळ.

क्षितिजाला ठाण्याला फॅशनच्या क्लासला घातली, ती माझीच चूक. पंधरा दिवसांमागे घरी आली आणि म्हणाली, बाबा, मी उन्हाळ्याची कॅप्सूल करतेय. मला वाटलं पोरीला उष्णता झाली. कमळ आईच ती, तिने लगेच सब्जा भिजत घातला. तर कॅप्सूल म्हणजे कपडेच म्हणे. मोजून सात. ह्याची कुर्ती त्याच्यावर, त्याची ओढणी ह्याच्यावर, असे एकमेकांशी जुळणारे सात कपडे शिवायचे आणि तेवढ्यात सगळा उन्हाळा काढायचा, तोही स्टाइलमध्ये! बाय, या मे महिन्यात आपल्याला अकरा हळदी आहेत. अकरा हळदी, नऊ लग्नं आणि दोन साखरपुडे (हिरामणच्या पोराचा मोडला नाही तर तीन). कमळ खुर्चीत बसली ती बसलीच. म्हणाली, बायका म्हणतील, पंढरीच्या लूम बंद पडल्या, पोरीला तेच तेच घालून फिरवतो. आणि बरं, हे पोरगी बोलतेय कुठे? भिवंडीत! हलवायाच्या घरात बसून साखर सोडा म्हणण्यातली गत. देशातल्या प्रत्येक घराने सातच कपडे ठेवले, तर माझ्या बारा लूमवर कबुतरं बसतील. हे समजावलं तर म्हणते, बाबा, कमी पण चांगले. म्हणजे सव्वीस वर्षं मी काय वाईट विणतोय का गं?

पण खरा धक्का पुढेच आहे. तिच्या मासिकात लिहिलेलं की आधी कपाट रिकामं करा. तिने स्वतःचं केलं, आणि मग हात बसला म्हणून माझंही केलं. मी दिवसभर सुताच्या व्यापाऱ्याकडे होतो, मला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजलो. तीन नंबरच्या लूमवर मी उभा होतो! म्हणजे माझा निळ्या चौकटीचा शर्ट उभा होता. पाच नंबरवर मी सफारीत होतो. आठ नंबरवर मी गणपतीतल्या हिरव्या झब्ब्यात धागा जोडत होतो. आणि दारात आपला मुकादम सादिक, माझ्या लग्नातल्या कोटात, भर मे महिन्यात, घामाने निथळत. विचारलं तर म्हणाला, "सेठ, बेबीने घर बुलाके खुद दिया. ना बोलता तो बुरा मान जाती." काढ म्हणून ओरडणार होतो, पण कोटाचं बटण त्याला व्यवस्थित लागत होतं (मला ते दहा वर्षांत लागलेलं नाही), म्हणून त्याच्याच अंगावर राहू दिला. माझ्या कपाटात तिने सात कपडे ठेवलेत. त्यातली एक लुंगी आहे.

मग सात कपडे शिवायला तिला कापड लागलं. म्हणाली, बाबा, मला ग्रे पाहिजे, वीस मीटर. बाय, माझं ऊर भरून आलं. वीस वर्षांची झाली, पण कान दुखतात म्हणून शेडमध्ये कधी पाय न ठेवलेली पोर, ती आज बापाचं कापड मागतेय! (तुला सांगायला नको, पण दाजी गोदामवाले, त्यांच्यासाठी सांगतो: लूमवरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं, खळीने कडक झालेलं पिवळट कापड, त्याला अख्खी भिवंडी ग्रे म्हणते.) मी स्वतः उभा राहून, एक डाग नाही असा तुकडा काढून घरी पाठवला. संध्याकाळी घरी जातो तर पोरगी रडतेय. म्हणे, हा ग्रे नाही. मी म्हटलं, हाच ग्रे. म्हणे, बाबा, हा पिवळा आहे. मी म्हटलं, ग्रे पिवळाच असतो. म्हणे, जगात कुठेच ग्रे पिवळा नसतो! मी म्हटलं, सव्वीस वर्षं मी ग्रे विणतोय आणि तू मला ग्रे शिकवतेस? अर्धा तास आमचं हेच. शेवटी कमळ पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि किंचाळली, "अवो, तिला राखेचा रंग पायजे, राखेचा! तुमच्या लूमचा न्हाय!" इंग्रजीत राखाडी रंगाला ग्रे म्हणतात, हे मला वयाच्या पन्नासाव्या वर्षी कळलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

क्लासमध्ये कपडे दाखवायची तारीख जवळ आलेली, कापड रंगवायला द्यायला वेळ नाही. तुझ्या भाचीने डोळे पुसले, पंगतीचा मोठा टोप अंगणात चुलीवर चढवला आणि ते वीस मीटर खळ उतरेपर्यंत तीन पाण्यांत उकळलं. (शेजारच्या ठकुबाईने दोनदा डोकावून विचारलं, आज काय बेत?) मग चार दिवस नुसती शिलाई मशीन. काल संध्याकाळी ती त्यातला कुर्ता आणि सुरवार घालून ओटीवर आली. रंग पेजेचा, कापड मऊ, अंगावर कसं छान पडलेलं. मी ओरडायची तयारी करून बसलो होतो, पण तिच्या बाहीचं कापडच चाचपत बसलो. बाय, विणलेल्या कापडाचा ताका ट्रकमध्ये चढला की माझ्यासाठी संपतो. लांब कुठे तरी तो धुतात, रंगवतात, त्याचं काय शिवतात, कोण घालतं, मला काय ठाऊक? रस्त्यात कुणाचा शर्ट बघून, हा माझा तर नसेल, असं शंभरदा मनात आलंय, पण विचारणार कुणाला? काल पहिल्यांदा माझं कापड घातलेलं माणूस बघितलं, आणि ती माझीच लेक. कमळने विचारलं, डोळ्यात काय गेलं? मी म्हटलं, सुताचं तूस. (तूस शेडमध्ये उडतं, ओटीवर नाही, हे तिलाही माहीत आहे.)

तरी सात कपडे हा शुद्ध वेडेपणा आहे, हे माझं मत कायम आहे. दाजींना नमस्कार, भाविकला आशीर्वाद.

तुझा, लुंगीसकट सात कपड्यांचा धनी,
पंढरी

ता. क. तो जांभळा झब्बा माझ्याच कपाटात होता. लिहून टाकलं एकदाचं. क्षितिजाला वाटलं माझाच जुना, म्हणून तिने तो तीन नंबरवाल्या ताबिशला दिला, आणि ताबिश गावी गेला. येत्या शुक्रवारी त्याचा निकाह आहे. एका नवरदेवाचा झब्बा दुसऱ्या नवरदेवाच्याच अंगावर जातोय, आता तो परत कसा मागू? कळल्यावर पोर दिवसभर जेवली नाही. तिला काही बोलू नकोस, जे बोलायचं ते मला बोल.

ता. क. दुसरा. नवा झब्बा आज आणू शकतो, दुकानं उघडी आहेत. पण क्षितिजाने त्याच कापडातून एक आठवा कपडा शिवलाय, भाविकच्या मापाचा झब्बा. (माप तिने त्यालाच विचारलं, म्हणजे नवरदेवाला सगळं ठाऊक आहे, राहिली होतीस ती फक्त तू.) तो अजिबात चमकत नाही, आधीच सांगतो. पण बाय, माझ्या कापडावर आजवर रंग चढवला तो परक्यांनी, माझ्या डोळ्यांआड. रविवारी भाविकला ह्याच झब्ब्यात हळदीला बसव, आणि त्यावर पहिला रंग तुझ्या हातच्या हळदीचा चढू दे. मी समोर बसून बघेन.

ता. क. तिसरा. पत्र आजच सादिकच्या हाती पाठवतोय, काय ते उद्या संध्याकाळी सहाला फोन करून सांग. तुझा आवाज नीट ऐकू यावा म्हणून बाराही लूम बंद ठेवतो.