नानांच्या सायकलीचं मागचं चाक

भूपा,

नानांच्या सायकलीचे गिअर खडखडतात म्हणून तू मोबाइलवर बघून स्क्रू सैल केलास, पण दोष तिथे नाही. लळिंगच्या घाटात नाना पडले तेव्हा गिअर ज्या पट्टीवर लटकतो, ती आत वाकली आहे. आता चढावर साखळी सगळ्यात मोठ्या चक्रीवर गेली की गिअर आऱ्यांत शिरेल आणि चाक जागीच जाम होईल.

उद्या तू त्याच घाटात निघाला आहेस, हे आईला ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही. आपल्या घरातून त्या घाटाला एक माणूस पुरे.

नवी पट्टी बघायला जळगावला जाते आहे. मागचं चाक घरभर शोधू नकोस. एसटीत माझ्या मांडीवर असेल.

ताई