छप्पन्न बाय अठ्ठ्याहत्तरची खिडकी

शनिवार, २६ जानेवारी २००८

ती. मालिनीमावशींना,

शिवांगीचा साष्टांग नमस्कार. आईबाबा पुण्याला परत गेल्यावर दीड वर्ष तुमच्याकडे राहिले, पण तुम्ही मला एकदाही वाकू दिलं नाहीत. "कंबर सांभाळ, तुला पुढे शिड्या चढायच्यात," म्हणायचात. म्हणून आता कागदावर घालते.

गुडघा कसा आहे? लेकाकडे करमतंय का? सुधीरदादाचा बॉनचा फ्लॅट तळमजल्यावर आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, असं आईनं फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं. म्हणजे वाटायला हवं होतं.

माझं म्हणाल तर ठीक चाललंय. स्टेशनजवळ एका सामायिक फ्लॅटमध्ये दोन मुलींबरोबर राहते. त्या आठवड्यातून एकदाच भांडी घासतात, त्यामुळे तुमची फार आठवण येते. बाउआम्टमधल्या, म्हणजे बांधकाम खात्यातल्या, आउसबिल्डुंगचं, शिकाऊ उमेदवारीचं, दुसरं वर्ष चालू आहे. अजून नकाशेच जास्त काढते, पण गुरुवारी आम्हाला शिकवणाऱ्या फ्राऊ केसलर मला बांधकामं तपासायला बरोबर नेतात. हेल्मेट घालायचं, जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या, कठडे हलवून बघायचे. परवा एका नव्या इमारतीत कठडा चार सेंटिमीटर बुटका निघाला आणि तो आधी माझ्या लक्षात आला. "गेनाऊ, अगदी बरोबर, डोळा तयार होतोय तुझा," फ्राऊ केसलर म्हणाल्या. घरी आल्यावर तुम्ही विचारलं असतंत, "काय इन्स्पेक्टरीणबाई, आज कुणाची भिंत पाडलीत?" आता तसं कुणी विचारत नाही.

हे पत्र मी तीनदा इथपर्यंत लिहून फाडलंय. आज फाडणार नाही.

मावशी, माळ्यावरच्या खोलीची तक्रार शेजारच्या हेर एबरलेंनी केली नव्हती. मी केली. तक्रार म्हणून नाही केली, पण झालं ते माझ्याच हातून.

आउसबिल्डुंगमध्ये सगळ्यांना एक वही ठेवावी लागते. आठवडाभर काय शिकलो ते लिहायचं आणि शिकवणाऱ्यानं खाली सही करायची. तुम्हाला ती वही माहीत आहे. शुक्रवारी मी ती जेवणाच्या टेबलावर पसरायची आणि तुम्ही आमटीची वाटी लांब सरकवायचात. गेल्या जूनमध्ये आम्हाला आगीचे नियम शिकवले. राहत्या खोलीतून बाहेर पडायला दोन वाटा लागतात. एक म्हणजे जिना, आणि तो धुरानं भरला तर दुसरी म्हणजे अग्निशमन दलाची शिडी पोचेल अशी मोठी खिडकी. सरावासाठी कुठलीही एक खोली मोजून काढायची होती.

मी माझी काढली. भास्करकाकांनी हयातीत स्वतःच्या हातानं केलेली माळ्यावरची खोली मला सगळ्यांना दाखवायची होती. त्यांनी ठोकलेल्या फळ्यांच्या रेघासुद्धा मी एकेक करून काढल्या. खिडकीची रुंदी छप्पन्न सेंटिमीटर, उंची अठ्ठ्याहत्तर, म्हणजे नियमापेक्षा बरीच लहान. खाली उतरती बाग, शिडी टेकवायला जागा नाही. शेवटी लिहिलं, दुसरी वाट नाही. वर सुवाच्य अक्षरात पत्ता. उत्तर बरोबर आलं म्हणून मी खूश होते.

फ्राऊ केसलरांनी वाचलं, सही केली आणि पेन खाली ठेवलं. "म्हणजे शिवांगी, तू इथे झोपतेस?" मी हसत हो म्हटलं. "हे मी वाचलं नसतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "पण आता वाचलंय." फाइल उघडली तेव्हा कळलं, काकांनी माळ्यावर राहण्याची परवानगी कधी काढलीच नव्हती.

त्यांच्यावर राग काढावा तर तोही निघत नाही. खोली खरंच धोक्याची होती. कुणी परका तिथे राहत असता तर मीच त्याला बाहेर काढलं असतं.

सप्टेंबरमध्ये बाउआम्टचं ते पत्र आलं, की माळ्यावर यापुढे कुणी राहायचं नाही. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलंत आणि म्हणालात, "हे एबरलेचंच काम. म्हाताऱ्याला आपल्या फोडणीचा वास खुपतो." मी समोरच उभी होते. मी म्हटलं, "असेल." तेवढंच म्हटलं, पण पुढचं सगळं त्यावरच झालं.

मागे तुम्ही पडून गुडघा दुखावलात तेव्हा सुधीरदादानं घातलेली अट मला पाठ होती. वर कुणीतरी राहत असेल तरच तुम्ही त्या घरात राहायचं, नाहीतर बॉनला यायचं. मी सोफ्यावर झोपते म्हटलं, तर दादा म्हणाला, सोफ्यावर किती दिवस काढशील. त्याचंही बरोबर होतं. माझी खोली गेली म्हणजे तुमचं घर गेलं, हे मला त्या दिवशीच कळलं होतं.

ऑक्टोबरमध्ये हेर एबरले दरवर्षीसारखे बागेतल्या प्लम्सची टोपली घेऊन आले. तुम्ही दार अर्धंच उघडलंत. "एकतीस वर्षं शेजारी राहून हे केलंत? आता गोड कशाला आणता?" तुम्ही जर्मनमध्ये इतकं फाडकन बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना काही उमगलं नाही. टोपली पायरीवर ठेवून ते हळूहळू परत गेले. मी जिन्यात कठड्याला धरून उभी होते.

त्याच आठवड्यात फ्राऊ केसलरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की घराच्या बाहेरून लोखंडी जिना बसवला तर खोली पुन्हा वापरता येईल. फक्त तो कुंपणाच्या फार जवळ येतो, म्हणून शेजारच्या मालकाची संमती लागेल. म्हणजे हेर एबरलेंची एक सही. पण ती मागायची तर आधी तुम्हाला खरं सांगायला हवं होतं. आज सांगते, उद्या सांगते करत मी नोव्हेंबर घालवला. घर जाताना दिसत होतं, तरी तुम्ही माझ्याकडे कशा बघाल याचीच मला जास्त भीती वाटली. डिसेंबरमध्ये तुमची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळतानाही मी गप्प होते, आणि तुम्ही मला म्हणालात, "तुला माझ्यामुळे खोली शोधावी लागतेय, पोरी."

तुम्ही गेल्यावर मी हेर एबरलेंकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "ऑक्टोबरमध्ये विचारलं असतंस तर त्याच दिवशी सही केली असती," म्हणाले. पण नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी आपलं घर हाम्बुर्गच्या मुलीच्या नावावर करून दिलं होतं. आता सही तिची लागणार, म्हणून मी तिला पत्र लिहिलं. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं, नाही म्हणून. माझ्यासाठी फ्राऊ केसलरांनी पुन्हा एकदा सगळे नकाशे बाहेर काढले, बागेच्या बाजूनं काही जमतंय का पाहिलं आणि नकाशे परत गुंडाळून ठेवले. दादा मार्चमध्ये घर विकायला काढणार, असं आई म्हणाली. मला आता काहीसुद्धा करता येत नाही, मावशी. रोज नवा काहीतरी उपाय सुचतो आणि संध्याकाळपर्यंत तो चुकीचा ठरतो.

आज सकाळी मी तिकडे गेले होते. तुम्हा दोघांची रस्ता साफ करायची पाळी आठवतेय ना, एक आठवडा त्यांचा, एक तुमचा? हा आठवडा तुमचा आहे. हेर एबरले एका हातात काठी धरून दुसऱ्या हातानं तुमच्या बंद दारासमोरचा बर्फ ओढत होते. ऐंशी वर्षांचा माणूस. मी त्यांच्या हातातून फावडं घेतलं. त्यांनी विचारलं, "फ्राऊ दामले अजून माझ्यावर रागावल्यात का?" मी खाली बघून बर्फ काढत राहिले.

माझ्याशी बोलू नका, अगदी कधीच बोलला नाहीत तरी मी समजेन. पण त्यांना एक फोन करा. नंबर तोच आहे. घर मला परत देता येत नाही, निदान तुमचा शेजारी तरी तुम्हाला परत मिळू दे. ते सकाळी आठनंतर फोनजवळच बसलेले असतात.

तुमचा आठवडा आला की मी जाऊन झाडत जाईन, घर विकलं जाईपर्यंत.

पत्राखाली 'तुमची' लिहायची सवय आहे. आज ते तुम्हाला विचारल्याशिवाय लिहीत नाही.

शिवांगी