मशाल आणि बाबांच्या शिव्या

प्रिय नीवी,

तिकडे टीव्हीवर दाखवलंच असेल. हिवाळी खेळांची मशाल आपल्या गावात आली, आणि गोठलेल्या समुद्रावरून शाळेपर्यंत ती कुत्र्यांच्या घसरगाडीतून नेली. गाडी मीच हाकली. हसू नकोस.

तुझे बाबा गेल्यापासून कुत्री नुसती बांधून होती. मोसेसीकाकाचं एकच टुमणं, “वहिनी, ती तुझं ऐकायची नाहीत, पर्यटकांना फिरवणाऱ्याला देऊन टाक.” शेवटी मी म्हटलं, मशाल नीट पोचली तर कुत्री राहतील, नाहीतर खुशाल घेऊन जा. बोलून बसले खरी.

मशाल धरायला ओटावाची एक हॉकीवाली पोरगी होती. तिला पुढे बसवलं आणि निघालो. समुद्राच्या बर्फावर झेंडे रोवून वाट आखलेली, पण कुत्र्यांना झेंड्यांचं काय! सगळ्यांत पुढे जुंपलेल्या काजूकच्या नाकात सीलचा वास शिरला. ती वळली, तिच्यामागे बाकीची वळली, आणि सील श्वास घ्यायला येतो त्या भोकाभोवती कोंडाळं करून बसली. तुझ्या बाबांनीच लावलेली शिस्त ती. मी ओरडले, दोर ओढले, एकही ढिम्म हलेना. किनाऱ्यावर अख्खं गाव खिदळत होतं. मोसेसी ओरडला, “वहिनी, मशाल काय सीलला शेकायला आणलीस?”

माझं डोकंच फिरलं. बाबा ज्या शिव्या घालायचे ना, त्याच मी त्यांच्याच सुरात घातल्या. काजूकचे कान ताठ झाले. ती उठली, पण पुढे जाईना. सगळीच मागे वळून बघत राहिली. माझ्याकडे नाही गं, माझ्या मागे. ते दिसतात का म्हणून. मला रडूच कोसळलं. त्या पोरीला वाटलं, मला थंडी बाधली. मग काजूकने अंग झटकलं आणि झेंड्यांची वाट धरली. मशाल पोचली. संध्याकाळी मोसेसी स्वतःच कुत्र्यांना मांस टाकून गेला.

आता त्या शिव्यांशिवाय कुत्री जागची हलत नाहीत, आणि दर वेळी मागे वळून बघतात. मला ते बघवत नाही, म्हणून हे लिहितेय. तू बाबांशी भांडून गेलीस, ते गेले तेव्हाही आली नाहीस. त्याबद्दल मी काही विचारत नाही. पण तुझ्या होणाऱ्या बाळाला त्यांचं नाव दे. मुलगी झाली तरी तेच दे, तुला नाही का माझ्या वडिलांचं नाव? गेलेलं माणूस आपल्यात असंच घरी येतं. बाळाला घेऊन ये, मी त्याला गाडीवर माझ्या मागे बसवीन. मग बघू दे कुत्र्यांना वळून, किती बघायचं ते.

तुझीच,
आई